भात कापताना मशीनमागं दाणे सांडतात? बोल्ट फिरवायच्या आधी दाणे मोजा

शिराळा तालुक्यात भाताची काढणी सुरू झाली की दरवर्षी एकच तक्रार कानावर येते. "मशीननं कापलं खरं, पण निम्मं भात रानातच राहिलं." निम्मं राहत नाही, पण एकरी पंचवीस-तीस किलो सहज जातं. ज्यानं मे महिन्याच्या अखेरीला धूळवाफेवर पेरणी केली, चार महिने वारणेच्या खोऱ्यातला पाऊस अंगावर घेतला, त्याला पेंढ्याखाली पडलेला पिवळाधमक दाणा बघवत नाही. मलाही बघवत नाही. गेली सहा वर्षं मी चरण-आरळ्यापासून कोकरूड-मांगल्यापर्यंत ट्रॅकवालं कम्बाइन हार्वेस्टर चालवतो, घरचं भातही त्यानंच कापतो. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो.

दाणे सांडायला लागले की ऑपरेटर पहिल्यांदा पंख्याची हवा कमी करतो. मग झोडणाऱ्या ड्रमखालची जाळी ड्रमजवळ घेतो. तरी थांबलं नाही तर चाळणी उघडतो. तीन गोष्टी एकदम फिरवल्यावर फरक कशानं पडला ते कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या हंगामात तीच रडकथा पहिल्यापासून सुरू होते. आमच्या मशीनची पहिली तीन वर्षं अशीच गेली. मिस्त्री यायचा, काहीतरी आवळायचा, थोडं कमी व्हायचं, पण टाकीत तुकडा, म्हणजे फुटलेला दाणा, वाढायचा. चौथ्या वर्षी मी पाना बाजूला ठेवला आणि दाणे मोजायला बसलो. मूळ दोष तेव्हा सापडला. तो काय होता ते पुढं सांगतो, आधी मोजायचं कसं ते.

मोजणी कशी करायची

साधी तार घ्या आणि एक फूट बाय एक फुटाची चौकट वाकवून घ्या. सोबत खडू आणि एक जुनी चादर. बाकी काही लागत नाही.

मशीन रोजच्या वेगानं चालू असताना खाचराच्या मध्यावर थांबवा. आतला माल बाहेर पडेपर्यंत इंजिनचा वेग पूर्ण ठेवा. मग हेडर, म्हणजे मशीनचं कापणारं तोंड, उचलून मशीन आपल्या लांबीइतकं मागं घ्या, इंजिन बंद करा आणि किल्ली खिशात टाका. हा शेवटचा भाग विसरू नका. दाणे मोजायला वाकलेला माणूस चालू पट्ट्याशेजारी कधीही नको.

आता तीन जागा बघायच्या. पहिली जागा म्हणजे उभं पीक, जिथं मशीन पोचलंच नाही. तिथं चौकट ठेवून खाली पडलेले दाणे मोजा. ही गळ आहे, तिचा मशीनशी संबंध नाही. दुसरी जागा म्हणजे कापलेली पण मागं घेतल्यामुळं मोकळी झालेली पट्टी. इथं मशीनचं फक्त तोंड फिरलेलं असतं, म्हणून इथले दाणे वजा गळ बरोबर हेडरचं नुकसान. तिसरी जागा मशीनच्या मागची, जिथं पिंजर, म्हणजे झोडलेला पेंढा, पडलंय. पिंजर उचलून चादरीवर झाडा, खालचे दाणेही मोजा. त्यातून आधीच्या जागेचे दाणे वजा केले की ड्रम, जाळी आणि चाळणीचं नुकसान हातात येतं. प्रत्येक जागी चौकट किमान चार वेळा टाका आणि सरासरी काढा. एकाच जागेवर भरवसा ठेवू नका, कारण पिंजर सगळीकडं सारखं पडत नाही.

हिशेब सोपा आहे. भाताच्या हजार दाण्यांचं वजन २५ ग्रॅम धरलं, तर एकराच्या ४३,५६० चौरस फुटांवर चौरस फुटाला १० दाणे म्हणजे एकरी जवळजवळ ११ किलो. फक्त मागच्या मोजणीत एक चूक सगळे करतात. मशीन साडेसहा फूट कापतं आणि पिंजर तीन फुटांच्या पट्ट्यात टाकतं. म्हणजे मागचा आकडा दुपटीहून जास्त फुगलेला असतो. त्याला तीननं गुणून साडेसहानं भागायचं, मग तो खरा होतो. मागच्या पट्ट्यात दाणे दाट दिसले म्हणून भांडणं झालेली मी पाहिली आहेत, आणि हिशेब केल्यावर नुकसान किरकोळ निघालंय. उलटही झालंय.

चौथ्या वर्षी माझ्या घरच्या खाचरात आकडे असे आले. गळ २, तोंडाजवळ ६, मागं ७०. सत्तरातून सहा गेले, चौसष्ट राहिले. पट्ट्याचा हिशेब लावून चौरस फुटाला तीस. म्हणजे एकरी साडेबत्तीस किलो फक्त मागून, आणि हेडरचे चार दाणे म्हणजे साडेचार किलो. तोंडाचं काम ठीक होतं. दोष पोटात होता.

मागं पडलेला दाणा हातात घेऊन बघा

इथं माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं आहे. मागचे दाणे नुसते मोजू नका, ते कोणत्या अवस्थेत आहेत ते बघा. मशीनच्या पोटात तीन कामं होतात आणि तिन्हींचं नुकसान वेगवेगळं दिसतं.

दाणे लोंबीला चिकटलेलेच असतील, तर झोडणी कमी पडतेय. म्हणजे ड्रमचे फेरे कमी आहेत, ड्रमचे दात झिजलेत, जाळी लांब आहे किंवा पीक अजून ओलं आहे.

दाणे सुटे आहेत पण पिंजराच्या आत अडकलेत, झाडल्यावर पडतात, तर झोडणी झाली पण वेगळं व्हायला वेळ मिळाला नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं, मशीन पिकाच्या मानानं जोरात पळतंय. जाळीच्या फटीत ओला गाळ आणि हिरवं गवत बसलं असेल तरीही असंच होतं.

दाणे भुसकटाबरोबर, चाळणीच्या टोकाखाली पडलेत, तर पंखा किंवा चाळणी. पण थांबा. ते दाणे भरलेले आहेत का पळंज, म्हणजे पोकळ, हे आधी पक्कं करा. बियाणं धुवायला आपण १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालतो, तसंच पाणी बादलीत करा आणि मागचा माल त्यात टाका. तरंगलं ते पळंज आणि हलकं भात, ते मागं पडायलाच हवं होतं. बुडालं ते तुमचं नुकसान. "हवेनं भात उडवलं" म्हणून आलेल्या तक्रारींत मी ही बादली करून दाखवतो, आणि बऱ्याचदा बादलीच्या तळाशी मूठभरही दाणा राहत नाही. त्या मालकाचं भात भरलंच नव्हतं. पण तळ भरला, तर मी मान्य करतो आणि हवा कमी करतो.

आमच्या सत्तर दाण्यांपैकी चाळीसच्या वर दाणे लोंबीला तसेच चिकटलेले निघाले. म्हणजे तीन वर्षं आम्ही हवा कमी-जास्त करत होतो आणि दोष झोडणीत होता.

आमची पुली

मशीन आम्ही जुनं घेतलं होतं. आधीच्या मालकाकडं ते सोयाबीनवर जास्त चालायचं. आमच्याकडंही भाताच्या आधी ते वाळवा आणि कराडकडच्या रानात सोयाबीन काढतं, मग इकडं वर येतं. सोयाबीनचा दाणा जोराच्या माराला फुटतो, म्हणून तिथं ड्रमचे फेरे कमी लागतात, जाळी मोकळी लागते, आणि दाणा जड असल्यानं हवा जास्त चालते. भाताला नेमकं उलटं. लोंबीचा दाणा सुटायला मार जास्त लागतो आणि दाणा हलका म्हणून हवा कमी लागते.

आम्ही दरवर्षी भाताला येताना चाळणी आणि हवा बदलायचो. ड्रमकडं कुणी बघितलंच नाही, कारण मशीन चालायचं, गुरगुरायचं नाही, गच्च व्हायचं नाही. त्या वर्षी मी फेरे मोजायचं यंत्र मिस्त्रीकडून मागून आणलं, ड्रमच्या शाफ्टवर चमकपट्टी चिकटवली आणि इंजिन पूर्ण वेगावर ठेवून मोजलं. ३२० फेरे. ड्रम दाताच्या टोकापासून टोकापर्यंत ६० सेंटिमीटर. म्हणजे दाताचं टोक सेकंदाला १० मीटर पळत होतं. दातेरी ड्रमला भातासाठी साधारण १२ ते १६ मीटर लागतात. काही मशीनच्या पुस्तकात याहून जास्तही दिलेलं असतं, तिथं पुस्तक प्रमाण.

हिशेब कुणालाही करता येतो. ड्रमचा व्यास मीटरमध्ये, त्याला ३.१४ नं गुणा, मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, ६० नं भागा. ६० सेंटिमीटरच्या ड्रमला १२ मीटरसाठी ३८० च्या आसपास फेरे लागतात आणि १६ मीटरसाठी ५१० च्या आसपास.

मग घरी आलो आणि गोठ्याच्या माळ्यावरचं पोतं खाली काढलं. मशीनबरोबर आलेलं लोखंड त्यात होतं, आम्ही कधी नीट बघितलं नव्हतं. पोत्याच्या तळाला, गंजानं लाल झालेली, दुसऱ्या मापाची पुली होती. भाताची पुली. चार वर्षं ती आमच्याच माळ्यावर होती.

ती बसवून फेरे ४८० वर गेले, म्हणजे १५ मीटर. त्याच खाचराच्या उरलेल्या अर्ध्या भागात पुन्हा चौकट टाकली. मागं सत्तरच्या जागी बावीस. हिशेबानं एकरी आठ किलो. टाकीतला तुकडा वाढला नाही, उलट कमी झाला, कारण फेरे कमी म्हणून आम्ही जाळी नको इतकी जवळ घेतली होती. ती परत मोकळी केली. दात आणि जाळी यांत २५ मिलिमीटरच्या आसपास अंतर भाताला बहुतेक ठिकाणी पुरतं. त्याहून आवळलं तर दाणा सोलतो आणि पिंजर अडकतं.

म्हणून तुमचं मशीन भाताच्या आधी सोयाबीनवर चालत असेल, तर बाकी काही बघायच्या आधी ड्रमचे फेरे मोजा. भाड्यानं मशीन बोलावत असाल तर ऑपरेटरला सरळ विचारा, "दादा, आधी कशावर होतं? पुली बदलली का?" चांगला ऑपरेटर या प्रश्नाचा राग मानत नाही.

फेरे कमी दिसायची आणखी दोन कारणं असतात. एक, बेल्ट घसरतोय. बेल्टच्या कडा आरशासारख्या चकाकत असतील आणि जळक्या रबराचा वास येत असेल तर तेच. दुसरं कारण जास्त घातक आहे. डिझेल वाचवायला ऑपरेटर इंजिनचा वेग उतरवतो. मशीन हळू चालवायचं तर ते पुढं जाण्याच्या लिव्हरनं, इंजिनच्या वेगानं नाही. इंजिन उतरलं की ड्रम, पंखा, चाळणी सगळंच उतरतं आणि पोटातला माल अर्धवट झोडलेला, अर्धवट साफ झालेला बाहेर पडतो. वळणावर हेडर उचलल्यावरही चार-पाच सेकंद पूर्ण वेग ठेवा, आतला माल साफ होऊ द्या. आपली खाचरं लहान, वळणं जास्त, म्हणून हे चार सेकंद आपल्याकडं फार महाग पडतात किंवा फार वाचवतात.

दहिवर आणि दुपार

आमच्याकडं काढणीच्या दिवसांत सकाळी पायताण भिजतं इतकं दहिवर पडतं. साडेआठला मशीन खाचरात घातलं, तर ओलं पिंजर ड्रमभोवती वेटोळं घालतं, दाणा चाळणीला चिकटतो आणि सगळा माल मागून जातो. लोक म्हणतात, दिवस लहान आहे, सुरू करा. मी पिंजराची मूठ पिळून बघतो. तळहात ओला झाला तर थांबतो. मोकळ्या रानात दहा-साडेदहापर्यंत कापायजोगी घात येते, डोंगराच्या सावलीतल्या खाचरात अकरा वाजतात.

दुपारी उलटं होतं. दोन-तीनच्या उन्हात दाणा करकरीत होतो, तेव्हा सकाळचेच फेरे ठेवले तर तुकडा वाढतो आणि रीलच्या, म्हणजे पीक आत ओढणाऱ्या फिरत्या चाकाच्या, माराला लोंबी गळते. म्हणून एकदाच सेटिंग लावून दिवस काढायचा नसतो. जेवणानंतर टाकीतला माल तळहातावर घेऊन बघा. सोललेले पांढरे तांदूळ दिसायला लागले तर फेरे थोडे उतरवा किंवा जाळी एक घर मोकळी करा. एकावेळी एकच गोष्ट.

कापायचा दिवस कोणता, यावर मशीनपेक्षा जास्त अवलंबून असतं. दाण्यातली ओल २० ते २५ टक्के असताना मशीननं कापलेलं उत्तम. लोंबीतले दहापैकी आठ-नऊ दाणे पिवळे झाले आणि बुडाजवळचे थोडे हिरवट राहिले, की दिवस आला. सगळं पीक पूर्ण वाळायची वाट बघितली तर रानातच गळ सुरू होते. ओल मोजायचं यंत्र भाताच्या गिरणीवर असतं, मूठभर दाणे घेऊन जा, ओल मोजून मिळते.

वेग

ड्रम ठीक झाल्यावर उरलेल्या नुकसानीत मोठा वाटा वेगाचा असतो. कापायचे पैसे एकरावर ठरले की ऑपरेटर पळवतो, तासावर ठरले की रांगतो. मी दोन्ही पाहिलंय, दोन्ही मालकाचं नुकसान करतात. म्हणून वेग स्वतः मोजा. बांधावर दहा मीटरवर दोन काठ्या रोवा. मशीन त्या अंतरातून बारा सेकंदांत गेलं तर ताशी ३ किलोमीटर, अठरा सेकंदांत गेलं तर २ किलोमीटर. उभ्या, मध्यम दाट पिकाला आमचं मशीन तीनच्या आसपास झेपतं. आडव्या पिकाला दोनच्या खाली. तुमच्या मशीनचा आकडा वेगळा असेल, पण तो चौकटीनं ठरवा. दोन वेगांनी दोन पट्टे कापा, मागं मोजा, लगेच कळतं.

इथं पिंजराचा प्रश्न येतो. आपल्याला जनावरांसाठी लांब पिंजर हवं असतं, म्हणून मालक म्हणतो बुडातून कापा. बुडातून कापलं की मशीनच्या पोटात पिंजर दीडपट जातं आणि दाणा वेगळा व्हायला जागा राहत नाही. दोन्ही हवं असेल तर वेग कमी करावा लागेल आणि तासाचे पैसे थोडे जास्त द्यावे लागतील. ज्यांच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत त्यांनी ते द्यावेत, असं माझं मत आहे. पिंजर नको असेल त्यानं वरून कापायला सांगावं. हे मशीन रानात उतरायच्या आधी बोलून घ्या, मध्येच नाही.

आडवं पडलेलं भात

इंद्रायणीला चव आहे, वास आहे, भाव आहे. वडगाव मावळच्या केंद्रानं १९८७ साली दिलेला हा वाण आज पाटणपासून शिराळ्यापर्यंत घराघरात आहे. पण अंगानं उंच, आणि युरियाचा हात सैल सुटला असेल तर परतीच्या पावसाच्या एका रात्रीत लोळतो. लोळलेल्या भातात नुकसान पोटात कमी, तोंडाला जास्त होतं. लोंब्या कटर बारच्या, म्हणजे कापणाऱ्या पात्याच्या, खाली राहून जातात.

पीक ज्या दिशेला झुकलंय, त्या दिशेकडून मशीन आत घाला. म्हणजे शेंडे मशीनकडं तोंड करून येतात आणि पातं त्यांच्या खालून जातं. पूर्वेला झुकलंय तर पूर्वेकडून पश्चिमेला कापा. ते जमत नसेल तर तिरकं घाला. झुकलेल्या दिशेनंच मागून गेलात तर मशीन पिकाला आणखी दाबतं. एका बाजूनंच कापत परत रिकामं यावं लागतं, वेळ जातो, डिझेल जातं, पण सांडलेलं भात त्याहून महाग आहे. रील पुढं काढा आणि खाली उतरवा, तिची बोटं थोडी मागं वळवा, म्हणजे ती पीक उचलून आत देतील. उभ्या पिकात रील मशीनच्या वेगाहून थोडीच जास्त फिरायला हवी, सव्वापटीच्या आत. समोरच्या पत्र्यावर दाणे टपटप वाजायला लागले की रील पिकाला मारतेय असं समजा. पीक पुढं ढकललं जात असेल तर ती कमी फिरतेय.

कटर बारचं पातं बोथट असेल तर धाटं कापली न जाता ओढली जातात, आणि त्या हिसक्यानं लोंबी झडते. कापलेल्या खोडाचं टोक बघा. स्वच्छ तिरकं असेल तर पातं ठीक. चिंध्या झाल्या असतील, किंवा धाट मुळासकट उपटून आलं असेल, तर ब्लेड बदला आणि पात्यासमोरची वाकलेली फिंगर सरळ करा. भाताच्या पेंढ्यात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो, त्यामुळं ब्लेड आणि ड्रमचे दात गव्हापेक्षा लवकर झिजतात. हंगाम सुरू होताना ब्लेडचा एक जोड शेडमध्ये हवाच.

मशीन आत जायच्या आधी मालकानं करायचं

पाणी कापणीच्या सात ते दहा दिवस आधी तोडा. रान ओलं राहिलं तर ट्रॅकही रुततो, हेडर कधी चिखलात, कधी हवेत. चिखल आत गेला की चाळणी बुजते. मशीन एका अंगाला कललं, तर चाळणीवरचा सगळा माल एका कडेला वाहतो आणि त्या कडेनं दाणे पडतात, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

खाचराचे चारही कोपरे विळ्यानं कापून ठेवा, दहा-बारा फुटांचे. घरची दोन माणसं तासाभरात करतात. त्या कोपऱ्यात मशीन वळताना जे तुडवतं ते कोणत्याच सेटिंगनं परत मिळत नाही. बांधातले दगड, मोटारीचा पाइप, रोवलेल्या खुणा ऑपरेटरला आधी दाखवा. वरून जाणारी विजेची तार असेल तर तीही.

पट्ट्याची खूण

मोजायला वेळच मिळाला नाही, तरी दोनेक आठवड्यांनी रानात फेरी मारा. ओल असेल तर सांडलेला दाणा उगवलेला असतो आणि तो सगळं सांगतो. रानभर विरळ, सारखं उगवलं असेल तर गळ किंवा हेडर. तीन फुटांचे हिरवे पट्टे आणि मध्ये मोकळी जागा असेल तर पोटातलं नुकसान. आणि बोटाएवढी बारीक, सरळ, दाट रेघ उगवली असेल तर मशीनला कुठंतरी भोक आहे. दाणा वर टाकीत नेणाऱ्या एलिव्हेटरच्या तळाचं झाकण सैल, रबरी पट्टी फाटलेली, किंवा बंद हंगामात शेडमध्ये उंदरांनी कुरतडलेली. मागच्या वर्षी एका खाचरात अशीच रेघ मोबाइलमध्ये टिपून घेतली आणि एलिव्हेटरखालच्या झाकणाचं एक तुटलेलं स्क्रू सापडलं. रात्री मशीन उभं केल्यावर खाली एक ताडपत्री टाका आणि ड्रम रिकामा फिरवा, गळती तिथंच दिसते.

कापल्यावर

हातानं कापलेलं भात दोन दिवस रानात वाळायचं, मग झोडायचं. मशीनचं भात ओलंच पोत्यात येतं, आणि ही सवय अजून आपल्याला लागलेली नाही. संध्याकाळी पोती भरून ओसरीत रचली आणि सकाळी हात घातला, तर पोत्याचा मधला भाग गरम लागतो. त्या उबेनं तांदूळ पिवळा पडतो आणि भरडताना कणी वाढते. मग लोक म्हणतात मशीननं तुकडा केला. त्याच दिवशी ताडपत्रीवर दोनेक बोटांच्या थरात पसरा, तासाला एकदा तरी हात फिरवा, भर उन्हात पातळ थर तापवत ठेवू नका. साठवायचं भात १४ टक्क्यांच्या आत यायला हवं.

बियाण्यासाठी भात ठेवणार असाल तर मशीन तुमच्या खाचरात यायच्या आधी टाकी, ऑगर (दाणा पुढं सरकवणारा मळसूत्री दांडा) आणि एलिव्हेटर झाडून घ्यायला सांगा. शेजाऱ्याचा दुसरा वाण आत किलो-दोन किलो सहज राहतो. पहिलं पोतं खायला बाजूला काढा, बियाणं त्याच्या पुढच्या मालातून घ्या.